दुसऱ्याच्या बापाचं डोकं

मी कवटीच्या तळाचा सर्जन आहे. आमच्या घाटनांदुरात असं सांगितलं की माणूस आधी माझ्याकडं बघतो आणि मग स्वतःच्या टाळूला हात लावतो. कवटी वर, तर तिचा तळ कुठं? मग मी सांगतो, की मेंदू ज्या हाडाच्या पाटावर बसलेला असतो तो पाट म्हणजे तळ. कानाच्या मागं, डोळ्याच्या मागं, आत खोल. ऐकायची, गिळायची, तोंड हलवायची नस तिथनंच बाहेर पडते. तिथं गाठ झाली की हाड कोरत कोरत तिच्यापर्यंत जावं लागतं. एवढं सांगेपर्यंत समोरचा म्हणतो, "म्हंजे डोक्याचे डॉक्टर. आमच्या मंडळीचं डोकं लई दुखतंय बघा." मी गप गोळी लिहून देतो.

आता मुद्द्याचं सांगतो. माझ्या वडलांना त्यांचं डोकं मला द्यायचं होतं. मेल्यावर, खरंखुरं डोकं. आणि मला ते नको होतं.

वडलांना आम्ही अप्पा म्हणायचो. स्टेशनच्या रस्त्यावर आमचं भुसाराचं दुकान आहे, तूर, हरभरा, सोयाबीनचं. थोरला भाऊ, दादा, ते बघतो. मी शिकलो म्हणून सुटलो असं सगळे म्हणतात. सुटलो कसला डोंबलाचा! बीडकडचा माणूस शहरात डॉक्टर झाला की तो अख्ख्या जिल्ह्याचा होतो. परळीच्या वीज केंद्राच्या राखेनं खोकणाराही माझ्याच दारात येतो. मी म्हणतो, अहो, छातीच्या डॉक्टरकडं जा. तो म्हणतो, "जातो की, पण आधी तुमी सांगा. तुमी आपले."

एकदा अप्पा मोतीबिंदूसाठी माझ्याकडं आले होते. त्याच सुमारास तेलगावच्या एका बाईचं ऑपरेशन मी केलं होतं. कापूस वेचणारी बाई, कानाच्या नसेवर गाठ, आणि तोंड हलवणारी नस त्या गाठीवर ताणून कागदासारखी झालेली. ती नस तुटली की अर्धं तोंड कायमचं पडतं, डोळा मिटत नाही, पाणी प्यायलं तर ओठातनं गळतं. नस वाचली. तिच्या नवऱ्याला आणि अप्पांना एकमेकांचा सुगावा लागायला वेळ लागला नाही. कुठलं गाव, कुणाचे पाहुणे, कुणाची सोयरीक, हे सगळं व्हरांड्यातच झालं आणि तो अप्पांना थेट तिच्या पलंगापाशी घेऊन गेला. बाई अप्पांना दाखवायला म्हणून दोन्ही गालांनी हसली.

गाडीत अप्पांनी विचारलं, "ती नस तुला आत दिसती का रे?"

"आधी दिसत नाही. हाडात लपलेली असते. अंदाजानं जावं लागतं."

"आन अंदाज कुठनं येतो?"

मी त्यांना लॅब दाखवायला नेलं, तिथनं हे सगळं सुरू झालं. ही लॅब म्हणजे माझ्या आयुष्यातली एकमेव गोष्ट जी मी भांडून मिळवली. पुस्तकांतली मापं परमुलखातल्या डोक्यांची असतात. आपल्या माणसाच्या हाडात ती नस कुठं वळते, कुठं पातळ पापुद्र्याखाली येते, हे मी इतकी वर्षं बघत आलोय, मोजत आलोय. हेच माझं संशोधन. यात मोठं काही नाही. एक हाड झालं की दुसरं. आणि शिकायला येणारी पोरं जिवंत माणसाच्या कानामागं ड्रिल लावायच्या आधी माझ्याकडं इथं हात बसवतात.

टेबलावर एक डोकं होतं. सगळं झाकलेलं, फक्त कान आणि कानामागची जागा उघडी. अप्पांनी डोक्यावरची टोपी काढली.

"कोण हे?"

"माहीत नाही, अप्पा. देहदान केलेलं असतं कुणीतरी."

"नाव तरी?"

"नाव नसतं इथं. नियमच आहे तसा."

अप्पांनी हात जोडले आणि बराच वेळ त्या कानाकडं बघत राहिले. घरी आल्यावर चहा बशीत ओतून घेतला आणि फुंकर न घालताच म्हणाले, "ते कुणाचे तरी बापच आसतील की."

"असतील."

"मग माझं घे."

"काय?"

"डोकं. मी मेल्यावर. दुकान घरचं आन माल परक्याचा, ही काय रीत झाली?"

मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "दुसऱ्याच्या बापाचं चालतंय तुला. तुझ्या बापाचं कावून न्हाई?"

मी आपला म्हणालो, "बघू."

"बघू म्हणणारं गिऱ्हाईक परत येत न्हाई," अप्पा म्हणाले. "ते मला शिकवू नगं." आणि चहा प्याले.

आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत. माणूस गेला की त्याला मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवतात आणि तसंच बसवून समाधी देतात. मेलेल्या माणसाला आडवं ठेवणं हेच आमच्याकडं विचित्र वाटतं. तिथं अप्पांनी काय करावं? शिवनाम सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी माईक हातात घेतला आणि सगळ्या समाजासमोर सांगून टाकलं, की मला समाधी नको, माझा देह कॉलेजला आणि डोकं धाकट्या पोराच्या लॅबला. मी तिथंच पहिल्या रांगेत बसलो होतो. सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. कुणाच्याही मनात शंका नव्हती की हे मीच म्हाताऱ्याच्या डोक्यात भरवलंय.

अप्पांचे जुने मित्र, शेजारच्या कापड दुकानाचे मालक, यांना आम्ही लहानपणापासून काका म्हणतो. त्यांनी मला मंडपाबाहेर गाठलं. "काय बे, लई शिकलास म्हणून बापाला समाधीबी मिळू देईनास व्हय?"

मला ओरडून सांगावंसं वाटलं, की काका, मलाच नकोय हे! पण सांगणार कसं? अप्पा माईकवर बोलून बसले होते. मी नको म्हणालो असतो तर चारचौघांत त्यांची शोभा झाली असती. आणि खरं कारण तर त्याहून अवघड होतं. मी सर्जन, लोकांच्या आईबापांची डोकी मागून घेणारा, पोरांना सांगणारा की यासारखं दान नाही, आणि स्वतःच्या बापाचं म्हटलं की मागं सरतो, हे कुणाला सांगू? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी मान खाली घातली आणि काकांना वाटलं मी लाजलो.

त्यानंतर लॅबमध्ये माझं बिनसलं. कापड बाजूला झालं की मी हाडाऐवजी आधी कान बघायचो. पाळी मोठी आहे का, केस पांढरे आहेत का. पोरं विचारायची, सर, सुरू करू का? मी खेकसायचो. ड्रिलचा आवाज, पाण्याची धार, ओल्या हाडाचा वास, या गोष्टींनी मला एरवी शांत वाटायचं. आता तिथनं कधी बाहेर पडतो असं व्हायचं. बाहेर पडलो की फोन असायचाच. अप्पा विचारायचे, "काय, चाललंय का काम? माल हाय का?" मी म्हणायचो, आहे. ते म्हणायचे, "बरं. मी हायेच."

खरं सांगतो, माझी सगळी भिस्त समाजावर होती. मी मोठा माणूस, शिकलेला माणूस, आणि मनातल्या मनात म्हणायचो, की लोकांनी अडवावं. दादा तर उघड विरोधात होता. "मी जित्ता असेपर्यंत असलं काय होऊ देणार न्हाई," असं त्यानं मला फोनवर दरडावून सांगितलं, तेव्हा मी वरवर समजूत घातली आणि फोन ठेवून सुटकेचा श्वास सोडला. आई काहीच बोलत नव्हती. तिचं न बोलणं मी माझ्याच बाजूनं धरलं होतं.

अप्पा एका सकाळी दुकान उघडून, गादीवर बसल्या बसल्या गेले. दादाचा फोन आला तेव्हा मी हात धुऊन ऑपरेशनला उभा राहायच्या बेतात होतो. दुसऱ्या सर्जनला उभं करून निघालो. रस्ताभर रडलो आणि रस्ताभर एकच हिशेब करत राहिलो, की दादा अडवेल, काका अडवतील, विधी करणारे स्वामी तर अडवतीलच. मी फक्त म्हणायचं, तुम्ही सगळे म्हणाल तसं. बस. बापाला समाधी मिळेल आणि माझ्यावरही काही येणार नाही.

दुपारी पोचलो. अप्पांना भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं होतं. डोकं कलू नये म्हणून कपाळावरनं एक पांढरी पट्टी घेऊन वरच्या खुंटीला बांधली होती. तोंडावर विभूती, गळ्यात झेंडूचा हार. भजन चालू होतं. मी पायावर डोकं ठेवलं. पाय लाकडासारखे कडक झाले होते. मी डॉक्टर आहे, मला ते माहीत असायला हवं होतं, तरी दचकलो.

भजन थांबलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी गाडीत घोकलेलं वाक्य बोललो. "तुम्ही सगळे म्हणाल तसं."

दादाकडं बघितलं. बोल की बाबा आता, असं मनात म्हणालो. दादा भिंतीला टेकून बसला होता, डोळे सुजलेले. म्हणाला, "मी काय म्हणू? मागच्या सोमवारी मला जवळ बसवून घेतलं आन म्हणले, थोरल्या, तू आडवा येऊ नगं. मी हो म्हणलोय."

काकांकडं बघितलं. हाच माणूस मला मंडपाबाहेर फाडून खाणारा. काका म्हणाले, "मला पटत न्हाई. तवाबी पटलं न्हाई, आताबी न्हाई. पण माईकवर बोललाय त्यो, आमच्या सगळ्यांसमोर. व्यापाऱ्याचा शब्द हाय. आता आपण समाधी दिली तर मेलेल्या माणसाला खोटं पाडल्यावानी होतंय."

राहिले स्वामी. आमचे जंगम स्वामी विधीच्या बाबतीत इतके कडक, की फूल उलटं ठेवलं तर घर डोक्यावर घेतात. ते म्हणाले, "विधी मी हितं पुरा करतो. इष्टलिंग आईच्या हातात देतो. देहाचं काय करायचं ते ज्याच्या देहाचं त्यानं सांगून ठेवलंय." आणि विभूतीची वाटी जवळ ओढून घेतली.

एवढ्या माणसांत नाही म्हणू इच्छिणारा मी एकटा उरलो, आणि नाही म्हणायची सोय एकट्या मलाच नव्हती. बाकी सगळे फक्त एवढंच जाणत होते की देह कॉलेजला जाणार. पुढचं मला माहीत होतं. कानामागं चीर कुठं घेतात, कातडी कुठवर उलटी करतात, ड्रिलचं कुठलं टोक आधी लावतात, सगळं. मला घाम फुटला. कुणीतरी पाणी आणून दिलं आणि म्हणालं, "डॉक्टर, लई मोठं मन हाय तुमचं." मी पाणी प्यालो.

तेव्हा आई पहिल्यांदा बोलली. "बसवूनच न्यायचं. आन मी संगं येणार."

"आई, तू तिथं काय करणार?" दादा म्हणाला.

"मी येणार म्हणलं ना."

तर अशी आमची वरात निघाली. टेम्पोत केळीच्या खुंटांचं, झेंडूच्या माळांचं विमान, म्हणजे आमच्यातली बसवून न्यायची डोली, त्यात मांडी घालून बसलेले अप्पा, शेजारी आई, मागं दोन जीपभर भजनी मंडळ. मेडिकल कॉलेज तासाभराच्या अंतरावर. मी तिथंच शिकलो होतो. फाटकावरचा वॉचमन आधी टाळ ऐकून उभा राहिला, मग टेम्पोत बघून त्याची बोबडीच वळली. "मिरवणूक आत न्यायची न्हाई हो!" काका जीपमधनं उतरून त्याच्यावर धावून गेले, "आबे मिरवणूक न्हाई, देहदान हाय! शिकलेली लोकं तुमी आन कळत न्हाई?" शेवटी टाळ पिशवीत घालायच्या अटीवर सगळ्यांना सोडलं. अप्पांना हे फार आवडलं असतं. मला हसू आलं आणि त्याच क्षणी हुंदका आला, आणि दोन्हींचा मिळून घशातनं भलताच आवाज निघाला.

शरीररचना विभागाच्या प्रमुख बाई माझ्या ओळखीच्या, कॉलेजात माझ्या मागच्या वर्गातल्या. सह्या झाल्या, चौघांनी अप्पांना उचलून आत नेलं, आईला बाहेरच्या बाकावर बसवलं. बाईंनी मला खिडकीपाशी बाजूला घेतलं.

"सर, एक बोलू? देह आमच्याकडंच राहू द्या. पहिल्या वर्षाच्या मुलांना उपयोगी पडेल. डोकं तुमच्या लॅबला पाठवलंच पाहिजे असं काही नाही. मी पाठवणार नाही. घरी कुणाला कळायचंही नाही."

हे मला हवं होतं. अगदी हेच! सकाळपासून, सप्ताहापासून, त्या बशीतल्या चहापासून मी याचीच वाट बघत होतो. देहदान झालंच होतं, शब्दही बराचसा पाळला गेला होता, आणि बाहेर बसलेल्या आईला कवटीचा तळ काय आणि पहिलं वर्ष काय, सगळं सारखंच. मी हो म्हणायला तोंड उघडलं.

हॉलमध्ये बाकीच्या टेबलांवर झाकलेले देह होते. बघायचं नव्हतं तरी बघितलं. त्यांच्या पोरांना कुणी असं खिडकीपाशी घेतलं नव्हतं. मी लॅबसाठी मागणी पाठवायचो तेव्हा पलीकडं कुणाचा पोरगा असाच मागं सरला असेल का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मला स्वतःचा इतका राग आला की खिडकीचा गज धरावा लागला.

"पाठवा," मी म्हणालो. "माझ्या लॅबला."

"पण तिथं कोण करणार, सर?"

"मीच."

बाईंनी खूण केली आणि दोन कर्मचारी अप्पांना टेबलावर ठेवायला पुढं झाले. ठेवता येईना. अप्पा बसलेलेच होते. टेबलावरही तसेच, मांडी घालून, ताठ, विभूती लावलेले, दुकानात गादीवर बसायचे तसे. आडवं केलं तर गुडघे वर राहात होते. कर्मचारी एकमेकांकडं आणि मग माझ्याकडं बघायला लागले. ताठलेला सांधा जोर लावून मोडावा लागतो, हे त्यांना माहीत होतं, मलाही. मुलाच्या देखत ते करायला त्यांचा हात धजत नव्हता.

"सर, तुम्ही जरा बाहेर थांबता का?" बाई म्हणाल्या.

मी बाह्या सारल्या. म्हणालो, मी करतो. एक तळवा मांडीवर ठेवला, दुसरा घोट्याखाली घातला. थंड होता पाय. दात आवळले आणि जोर घेतला.

"हळू रं," मागनं आवाज आला. आई दारात उभी होती. ती बाहेर थांबलीच नव्हती. उजव्या मुठीत अप्पांचं इष्टलिंग घट्ट धरलेलं. "डावा गुडघा दुखतोय त्यांचा."

मी हात सैल केला. "बरं," म्हणालो, आणि उजव्यापासून सुरुवात केली.